दिपालीनं बेतलेला दिवा

निरवांगीत दिपालीनं शिवलेलं ब्लाउज टोचतं असं कुणी म्हणालं, तर ते माणूस परगावचं समजावं. अशा या बाईला एकाएकी सर्किटचं वेड लागलं. गेल्या हंगामात तिचा नवरा सोनबा याच्या उसाच्या ट्रॉलीवर अंधारात मागून एक मोटारसायकल आदळली. माणूस वाचला, पण दिपालीचा जीव थाऱ्यावर राहिना. विकतचे दिवे खड्ड्यांपुढं टिकत नसत. यंदा ट्रॉली निघेल ती लुकलुकता लाल दिवा लावूनच, आणि तो दिवा मी करणार, असं तिनं जाहीर केलं.

मोबाइलवर आधी लुटुपुटुचं सर्किट चालवून बघायचं, मग खरं करायचं, हे तिला फार पटलं. "जुन्या लुगड्यावर बेतून बघतो, तसंच हाय," ती म्हणाली. पडद्यावर तिनं भरपूर आयसी, म्हणजे बारक्या पायांच्या काळ्या चिपा, जाळल्या. वास एकीचाही आला नाही. अखेर दिवा लुकलुकला.

मग तिनं जोडण्यांचा नकाशा आखला, वालचंदनगरहून छापून आणला, ब्लाउजांच्याच इस्त्रीनं तांबं चढवलेल्या पाटीवर उतरवला, रेघांबाहेरचं तांबं रसायनात विरघळवलं आणि पायांसाठी भोकं पाडली. पाटी इतकी देखणी झाली की सासरे तात्याबा तिला हळद-कुंकू वाहायला निघाले.

ट्रॉलीच्या पूजेच्या आदल्या दुपारी ती आयसी बसवू लागली, तर पाय नकाशाशी जुळेनात. डावं ते उजवं झालं होतं. कापड नेहमी उलट्या बाजूनं आखायचं, या सवयीनं बाईंनी नकाशाही उलटा छापून घेतला होता.

"ऱ्हाऊ दे दिपे," सोनबा म्हणाला. "हाय तसाच जातो."

तेवढंच तिला नको होतं.

"सूनबाई, झंपर उलटं शिवलं असतंस तर गिऱ्हाइकाला काय सांगितलं असतं?" तात्याबांनी टोमणा मारला.

"उलटंच घाला म्हणलं असतं," दिपाली फणकारली, आणि थांबली. तिनं पाटी पालथी केली. आयसी दुसऱ्या बाजूनं, तांब्याकडून धरली. सगळे पाय आपापल्या जागी बसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नारळ फुटला आणि दिवा लुकलुकला. लांबच्या वळणावर ट्रॉली दिसेनाशी झाली, तरी लाल ठिपका डोळे मिचकावतच होता. "सून कुणाची हाय," तात्याबा रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. कुणी विचारलं नव्हतं.

हल्ली निरवांगीत ब्लाउजं उशिरा मिळतात. तक्रार करायची सोय नाही. प्रत्येकीच्या नवऱ्याची ट्रॉली दिव्याच्या रांगेत उभी आहे.