मिटवणारे नाना

अपघात झाला की वामननाना आधी गाडीकडे जायचे, मग माणसाकडे. नरडाण्याच्या फाट्यावर हे मी लहानपणापासून पाहिलं. सायकल वाकडी होऊन पडलेली, सायकलवाला कण्हतोय, कोणीतरी त्याच्या तोंडाला पाण्याची बाटली लावतंय, आणि माझे हे सख्खे चुलते कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात गाडीभोवती फेरी मारून ती कोणाची आहे हे बघतायत. ओळखीची निघाली की चेहरा उजळायचा. अनोळखी असली तरी दोन फोनमध्ये ओळख निघायचीच. मग ते जखमी माणसापाशी उकिडवे बसत, त्याच्या खांद्यावर हात ठेवत आणि म्हणत, "काई घाबरू नको भाऊ. बठ्ठं मिटी जाई."

सगळं मिटायचं म्हणजे गाडीवाल्याने दवाखान्याचं बिल भरायचं, जखमीने 'माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही' असं लिहून द्यायचं, आणि पोलिसांना काही कळू द्यायचं नाही. एमआयडीसीत पाळीला जाणारे बहुतेक कामगार सायकलवर नाहीतर पायी, आणि रस्ता ट्रकांचा. नानांना काम कमी पडत नसे.

यात त्यांनी कधी पैसा खाल्ला नाही. हे ते स्वतःच दर दोन वाक्यांनंतर सांगत. खाल्ला असता तर नाना मला समजले असते. लोभी माणूस आमच्या धुळ्याच्या कोर्टाच्या आवारात रोज भेटतो. नानांना हवा होता तो मान. ट्रान्सपोर्टवाल्याच्या मुलाच्या लग्नात पहिल्या रांगेतला सोफा, गणपतीच्या आरतीला हातात दिलेलं ताट, आणि चारचौघांत कोणीतरी म्हणायचं, "नाना होते म्हणून वाचलो." एवढ्यावर त्यांचं पोट भरायचं. एवढ्यासाठी ते लोकांचे हातपाय वाटून टाकत.

मी वकील झाले आणि अपघात दाव्यांची कामं करू लागले, तेव्हा त्यांना समजावून सांगायचा मूर्खपणाही केला. नाना, भरपाई गाडीवाला खिशातून देत नाही, त्याच्या गाडीचा विमा असतो, कंपनी देते. फक्त पोलिसांत नोंद हवी, जागेचा पंचनामा हवा, दवाखान्यात डॉक्टरांना अपघात झाला हे खरं सांगायला हवं. नानांनी चहाचा घोट घेतला. "कोर्टमा जाईसन जिंदगी जाई बिचारानी," ते म्हणाले. "आनि गाडीवाला काय मुद्दाम ठोकस का?"

भटू नावाचा एक कामगार माझ्याकडे आला होता. पाळी संपवून सायकलने घरी जाताना एका पिकअपने त्याला मागून उडवलं होतं. नानांनी मिटवलं. प्लास्टर झालं, बिल भरलं गेलं, गाडीवाल्याने वर एक नवी सायकलही दिली. पण हाड वाकडं जुळलं, पाय आखूड झाला. मशीनसमोर आठ तास उभं राहणं जमेना, तसं ठेकेदाराने त्याला काढलं. तोवर दावा दाखल करायची मुदत उलटून गेली होती. पोलिसांत नोंद नाही, दवाखान्याच्या कागदावर 'घरी पडून दुखापत'. नानांनीच तसं सांगायला लावलं होतं. भटू समोरच्या खुर्चीवर बसून माझं ऐकत होता. शेवटी त्याने एवढंच विचारलं, "ताई, मग त्या सायकलचं मी काय करू?"

त्याच दिवशी मी नानांना फोन केला. भटूचा पाय गेला, नाना.

"पाय गया ते गया," नाना म्हणाले. "जीव ते वाचना ना?"

मी फोन ठेवला. त्यांच्यावर शब्द वाया घालवायची इच्छा नव्हती.

मग एका संध्याकाळी काकूचाच अपघात झाला. काकू म्हणजे नानांची बायको. रस्त्याच्या कडेने दूध घालायला डेअरीवर निघाली होती. मागून आलेल्या मोटारीने तिला उडवलं. मोटार ओळखीची होती. दर दिवाळीला ती फराळाला आमच्या अंगणात उभी राहायची. तालुक्यातल्या एका वजनदार माणसाची. चालवत होता त्यांचा मुलगा. नाना घरी होते. कोणीतरी सांगत आलं, तसे धावत गेले. डेअरीवरच्या बायांनी मला पुढे जे सांगितलं, ते मला खोटं वाटलं नाही. नाना आधी मोटारीकडे गेले. काचेतून वाकून त्या मुलाला म्हणाले, "तू जाय घर. मी पाहस." मोटार गेली. मग ते बायकोकडे वळले.

मी धुळ्याच्या दवाखान्यात पोचले तेव्हा मांडीचं हाड मोडल्याचं कळलं होतं. नाना बाहेर बाकावर त्या मोठ्या माणसाच्या व्यवस्थापकाशी बोलत होते. मला बघताच म्हणाले, "मिटनं. काळजी करू नको."

आत काकू छताकडे बघत पडली होती. आयुष्यभर तिने नानांच्या पाहुण्यांना चहा केला. बैठकीत कधी बोलली नाही. मला म्हणाली, "दार लाव." मी लावलं.

"तू लोकस्ले काय सांगस, ते माले सांग."

मी सांगितलं. जबाब, पंचनामा, विमा, सगळं. तिने मध्ये एकदाच विचारलं, की त्या पोराला जेल होईल का. मी म्हटलं, ते पोलीस आणि कोर्ट ठरवतील. तुझी भरपाई ही वेगळी गोष्ट. तिने मान हलवली.

"पोलिसले बलाव."

हवालदार आला तेव्हा नाना मागोमाग आत शिरले. आवाज खाली आणून म्हणाले, "अशी काय करस? तुले काय कमी शे घरमा?"

"पाय कमी शे," काकू म्हणाली. मग हवालदाराकडे तोंड करून तिने गाडी कोणाची, कोण चालवत होतं, सगळं सांगितलं. सही करताना म्हणाली, "मना पाय मोडना. माले कोन्ही इचारं का?"

त्या मोठ्या माणसाने नानांशी बोलणं बंद केलं. नानांना बायकोच्या मोडलेल्या हाडापेक्षा ते जास्त लागलं. महिनाभर ते उपाशी असल्यासारखे दिसत. तो मान परत मिळवायला त्यांनी जे केलं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. काकूच्या दाव्यात विमा कंपनीने आपला साक्षीदार म्हणून नानांना उभं केलं. त्यांनी शपथेवर सांगितलं, की माझी पत्नी एकदम रस्त्यात आली, चालकाचा दोष नाही.

काकूने वकीलपत्र मलाच दिलं होतं. उलटतपासणीला मी उठले. काकू मागच्या बाकावर, दोन काठ्या भिंतीला टेकवून बसली होती.

"गाडीची धडक बसली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"घरी."

"घरातून रस्ता दिसतो?"

"नाही."

"मग त्या एकदम रस्त्यात आल्या, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"गाडीवाल्यांनी," नाना म्हणाले.

ते हे अगदी सहज म्हणाले. त्यात काही लाज वाटण्यासारखं आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हतं. अपघात कसा झाला हे आयुष्यभर त्यांना गाडीवाल्यांनीच सांगितलं होतं. पडलेल्या माणसालाही काही सांगायचं असतं, अगदी ती आपली बायको असली तरी, हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. मी आणखी काही विचारलं नाही. न्यायाधीशांनी चष्मा काढून नानांकडे क्षणभर पाहिलं आणि लिहायला घेतलं.

निकाल काकूच्या बाजूने लागला. तिचा काहीच दोष नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं. आठवड्याभरात फाट्यावर नाना लोकांना सांगताना दिसले, "कंपनी देतच नव्हती. मीच मिटाडं." ऐकणारे मान डोलवत होते. काकूच्या कानावर हे गेलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून खूप वेळ हसली. त्यानंतर तिने नानांच्या पाहुण्यांना चहा करणं बंद केलं.

नाना मागच्या हिवाळ्यात हृदयविकाराने गेले. मला रडू आलं नाही आणि मी रडण्याचं नाटकही केलं नाही. दशक्रियेला अंगणात मोटारी मावत नव्हत्या. मांडवात ध्वनिक्षेपक लावला होता आणि तो मोठा माणूस, सगळं विसरून बोलत होता, "नानांनी आयुष्यभर या भागातल्या एकाही गरिबाला कोर्टाची पायरी चढू दिली नाही."

आतल्या खोलीत बायकांच्या घोळक्यात काकू भिंतीला टेकून बसली होती. आवाज आत स्पष्ट येत होता. बायका तिच्याकडे बघू लागल्या. काकूने मोडलेला पाय हाताने उचलून सरळ केला.

"मी चढनू ना," ती म्हणाली. "दोन काठ्या लिसन चढनू."