परसों आलेलं पाणी

कोण पुढे आणि कोण मागे, हे ठरवण्याचा मला पगार मिळतो. जिल्ह्याशेजारी जिल्हा मांडायचा, वस्तीशेजारी वस्ती; पाणी, दवाखाना, रोजगार, शाळा यांना गुण द्यायचे आणि नकाशा रंगवायचा. हिरवं ते पुढारलेलं, लाल ते मागास. घरोघर हिंडून माहिती आणणारे वेगळे. मी ऑफिसात पंख्याखाली बसून बेरजा करणारी, म्हणजे खरं तर भांडणारी. कुणी "सरासरी" म्हणालं की माझं डोकं सणकतं.

हैदराबादच्या गौलीगुड्यात माझी मावशी एकटी राहायची. काका कोर्टात कारकून होते. ते गेल्यावरही तिनं वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्या सोडल्या नाहीत. दिलसुखनगरला माझ्याकडे ये म्हटलं की म्हणायची, "जावयाच्या घरी मुक्काम? नक्को गं माय." तिच्या गल्लीत नळाला पाणी यायचं ते कधीमधी, नावापुरतं. टँकर यायचा, त्यावर गल्ली जगायची.

आमच्या पाहणीसाठी तिच्या दारात गेलेला तरुण उत्तरेकडचा होता. त्यानं विचारलं, "अम्मा, नल में पानी पिछली बार कब आया?"

"परसों आया था, बेटा," मावशी म्हणाली.

आता हैदराबादेत परसों म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. आज आणि काल सोडून मागचं सगळं परसों. गेल्या आठवड्यातला ताप परसों, गेल्या उन्हाळ्यातलं लग्न परसों आणि निजामाचं राज्य गेलं तेही परसोंच. आमच्या मराठीतही ते शिरलंय. माझी लेक कॉलेजात जाते, तरी मावशी म्हणायची, "परवा तर तुझं लग्न लागलं." गल्लीत बहुतेकांनी हेच उत्तर दिलं. त्या तरुणानं इमानेइतबारे लिहून घेतलं: पाणी एक दिवसाआड. गल्ली हिरवी झाली.

आमचा अहवाल बघून टँकर कुठे पाठवायचे ते ठरायचं. मावशीच्या गल्लीचा टँकर मलकपेठेपलीकडच्या एका लाल वस्तीकडे वळला. तिथेही घसे कोरडेच होते, त्यांच्या नावानं बोटं मोडण्यात अर्थ नव्हता.

मावशीचा फोन आला. "टँकर का बंद झाला गं? तू तेच काम करतीस ना?"

मी उत्तरं काढून बघितली आणि कपाळावर हात मारला. तडक साहेबांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, "सगळीकडे एकच प्रश्न विचारला, म्हणून तर तुलना होते. एका गल्लीचं उत्तर आपण बदललं की उद्या सगळ्याच गल्ल्या दारात येतील. पुढच्या फेरीत प्रश्न सुधारू."

"आणि तोवर त्यांनी प्यायचं काय?"

"भावनिक होऊ नका, मॅडम."

मी दार आपटून बाहेर पडले. दार आपटल्यानं टँकर येत नाही, हे मलाही कळतं. टँकर पाठवणाऱ्यांच्या खिडकीवर गेले, तर तिथल्या बाईंनी मलाच आमचा नकाशा दाखवला.

मग गल्ली हळूहळू पांगली. ज्यांना परवडलं त्या घरमालकांनी बोअर मारले. बाकीचे भाडेकरू खोल्या सोडून गेले. मावशीचा घरमालक ना बोअर मारणारा, ना भाडं कमी करणारा. मी सुट्टीच्या दिवशी रिक्षातून पाण्याचे कॅन नेऊन टाकायचे. एरवी ती खालच्या नाक्यावरून बिंदगी, म्हणजे तिची पाण्याची घागर, भरून आणायची. आणू नकोस म्हणून किती घसा फोडला! "म्हातारीला तेवढाच व्यायाम," म्हणायची आणि हसायची. मला हसू येत नसे.

एकदा भरली बिंदगी घेऊन ती जिन्यावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात मी पोचले तेव्हा तिनं पहिलं विचारलं, "बिंदगी चेपली का गं?" मी तिच्यावर ओरडले आणि तिथंच, सगळ्यांदेखत रडले. ऑपरेशन झालं, पण मावशी अंथरुणातून उठली नाही. तशीच गेली.

पुढच्या फेरीत प्रश्न खरंच सुधारला होता: आज पाणी आलं का, काल आलं का, नसेल तर किती दिवस झाले. गल्लीत उरलेली घरं बोअरवाली. त्यांनी खरी उत्तरं दिली: आज आलं, कालही आलं. ज्या घरांना कुलूप होतं, ती नियमाप्रमाणे हिशोबातून वगळली. त्यात मावशीच्या खोल्याही होत्या. दर घरामागे पाण्याचे गुण भलतेच वाढले.

साहेब माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "बघा, उगाच भांडत होता. तुमची गल्ली खरोखर सुधारली."

मी सगळं पुन्हा तपासलं. खोट निघावी म्हणून जीव तुटत होता. या वेळी एकही आकडा चुकलेला नव्हता.