शाफ्टचा आवाज

बाबा रेल्वेत इंजिनिअर होते. गाडीचं चाक हातोडीने ठोकायचं; खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर तडा, हे त्यांचं शास्त्र. निवृत्तीनंतर लखनौतच राहिले, पण खोड गेली नाही. माठसुद्धा ठोकल्याशिवाय घेत नाहीत.

त्यांच्या जुन्या मोटरसायकलचं इंजिन ठकठक करायला लागलं, तेव्हा आम्ही ती विकास नगरच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने इंजिन उघडून क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा, बाहेर काढला.

"बाबूजी, लगता है इसमें बाल आ गया है," तो म्हणाला. म्हणजे केसाएवढी चीर.

"लगता है से क्या होता है?" म्हणत बाबांनी शाफ्ट तारेला टांगला आणि हातोडी मारली.

"घंटी आहे घंटी!" ते खुशीत म्हणाले.

मला तर स्वच्छ बद्द ऐकू आलं. मिस्त्रीलाही आलं असणार, कारण त्याने चटकन माझ्याकडे पाहिलं. पण पिकल्या केसांच्या माणसाला तोंडावर खोटं पाडणं लखनौच्या रीतीत बसत नाही. "जी, आप बेहतर समझते हैं," म्हणून तोच शाफ्ट परत बसवायला त्याने पाना उचललासुद्धा. असली अदब चुलीत घाला! रविवारी बाबा आईला मागे बसवून हजरतगंजला जाणार होते. भर रस्त्यात शाफ्ट तुटला तर इंजिन जाम होतं, मागचं चाक जागच्या जागी अडकतं. हे मला बाबांनीच शिकवलं होतं.

"बाबा, बद्द वाजतोय."

"काहीतरीच! लॅबच्या नोकरीत बसून कान गेले तुझे."

घरी टीव्हीचा आवाज महिनोन् महिने चढत होता. आई आणि मी तो मुकाट सोसत होतो.

"मग खडू लावून बघू," मी म्हणाले. हीही त्यांचीच रीत, त्यामुळे नाही म्हणता येईना. शाफ्ट डिझेलमध्ये बुडवला, कोरडा पुसला, वर खडूची पूड भुरभुरवली. चीर असेल तर आत शिरलेलं तेल बाहेर झिरपतं. पूड उडू नये म्हणून मिस्त्रीने पंखा बंद केला. उकाड्यात तिघेही शाफ्टवर वाकून उभे राहिलो. पांढरं पांढरंच दिसत होतं. मीच खोटी ठरावी असं मला मनापासून वाटत होतं.

मग एका कोपऱ्यात ओलसर काळी रेघ उमटली आणि हळूहळू लांबत गेली.

बाबांनी रेघेकडे एकदाच पाहिलं. नंतर माझ्याकडे.

"तुला हे ऐकू आलं होतं?"

"हो."

"आणि याला?"

मिस्त्रीने मान खाली घातली.

"नया डालो," बाबा त्याला म्हणाले. बराच वेळ ते फडक्याने हात पुसत राहिले. मग मला विचारलं, "तुझ्या आईला केव्हापासून माहीत आहे?"

"बरेच दिवस," मी म्हणाले. त्यांनी कान पुढे केला. मला तेच पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं.