करगोट्याची घडणावळ

आळंदच्या मंडीत तुरीचा बाजार तापला होता. आमच्याकडे भाव तोंडाने बोलत नाहीत, रुमाल टाकून त्याखाली बोटांनी ठरवतात. माझी बोटं सोलापूरच्या व्यापाऱ्याच्या मुठीत असताना मागून कोणीतरी म्हणालं, "महादप्पा सराफ गेले." बोटं सैल पडली. व्यापाऱ्याने तोच होकार समजून पोती उचलली. भाव असा हातचा सोडण्याची माझी ही पहिलीच वेळ, तीही महादप्पांमुळे. या माणसाने मला कायम नागवलं, ही माझी तक्रार जुनीच होती... आता ती न्यायची कोणाकडे?

ती तक्रार सुरू झाली दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. चांदी रोज चढत होती. मादन हिप्परग्याहून येऊन मंडीत पोती वाहणारा मी नुकताच दलाल झालो होतो आणि पहिली बचत कनवटीला होती. चहाच्या टपरीवर, हजामाकडे, देवळाच्या पायरीवर चांदीशिवाय बोलणं नव्हतं. माझ्या तर अंगात वारं शिरलं होतं. सगळ्या पैशांची लगड, म्हणजे चांदीची वीट घ्यायची, चढू द्यायची आणि विकून मोकळं व्हायचं, असा हिशोब करून मी महादप्पांच्या पेढीवर चढलो. ते मान वर न करता म्हणाले, "बेड, तम्मा." म्हणजे नको रे, भाऊ. कानडीत नकार द्यायचा आणि मराठीत भांडायचं, ही त्यांची पद्धत.

"कामून? माझा पैसा खोटा हाय का?"

"पैसा खरा हाय, तू खोटा हाईस. भाव हालला की लगड काढून मोकळा हुशील. करगोटा करून देतो. त्योबी निम्म्या पैशाचा. निम्म्याची तूर भर."

"समदी चांदीच पायजे मला."

"तूर पेरली तर तूर येती. चांदी पेरून चांदी उगवती का? ही वाढायची चीज न्हाई, ऱ्हायची चीज हाय."

मी रुमाल पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. ते भाव मोठ्याने बोलत, सगळ्या पेढीला ऐकू जाईल असा. घडणावळ ऐकून माझं डोकं फिरलं. कमरेला बांधायच्या साखळीला एवढी मजुरी? मी दोनदा पायरी उतरलो, दोनदा परत चढलो. एका पैशाने खाली आले नाहीत. दुसऱ्या पेढीवर जाता आलं असतं. पण हरून उठणं मला जमत नाही, म्हणून तिथेच घडवला. शहाण्याने हसावं असा सौदा.

पुढे चांदी आणखी चढली. शेजारच्या आडत्याने लगड विकली, पेढे वाटले, मग तेजीच्या भरात महाग घेतली आणि मंदीत रडत काढली. मी मात्र अडकलो होतो. करगोटा काढायला हात घातला की आई ओरडायची, "जित्या माणसानं करगोटा उतरू न्हाई रे!" भाव ऐकून कमर जळायची, पण सोडवायची सोय नव्हती.

मग निजामाच्या राज्यातलं ते शेवटचं वर्ष आलं. दंगलींच्या भीतीने दुकानाला कुलूप घालून आम्ही बैलगाडीने निजामाच्या हद्दीबाहेर, अक्कलकोटकडे निघालो. वाटेत हत्यारबंद माणसांनी ट्रंका उपसल्या, भांडीसुद्धा ठेवली नाहीत. करगोटा प्रत्येकाच्याच कमरेला असतो. सुताचा की चांदीचा, हे धोतराखाली कोण बघणार? अक्कलकोटात घरात दाणा नव्हता, तेव्हा आईच म्हणाली, "काढ आता." तिथल्या सराफाला मी म्हणालो, "कापा." त्याने उलटून पाहिलं आणि हसला. "कापताव कामून? फिरक्या हायत की हेला." मधल्या मधल्या कड्यांना आतून बारीक फिरक्या होत्या. हवा तेवढा तुकडा सुटत होता आणि उरलेला पुन्हा जुळत होता. त्या मोजक्या कड्यांवर मी परक्या गावात धंदा उभा केला, आणि करगोटा आखूड झाला तरी कमरेवरच राहिला.

परत आलो तो तडक पेढीवर. "अप्पा, फिरक्या हायत म्हणून सांगितलं कामून न्हाई?"

"सांगितलं असतं तर पयल्याच तेजीला सोडला असतास."

"मग त्या फिरक्यांची मजुरी घेतली व्हय?"

"निम्मी फिरक्यांची. निम्मी तुझ्या कटकटीची."

गेलेल्या कड्या त्यांनी पुन्हा घडवून दिल्या. घडणावळ पूर्ण लावली, वरून म्हणाले, "ह्या खेपेला कटकट जास्त हाय." ते मी विसरलेलो नाही.

मंडीतली पोरं आता मला विचारतात, "मामा, चांदी घ्यावी का?" मी म्हणतो, निम्म्याची घ्या, घडवून घ्या, अंगावर घाला, आणि वाढवायचं असेल तर तूर भरा. घडणावळीचं ऐकून ती तोंड वाकडं करतात, आणि मला उगाच बरं वाटतं.

परवा चांदीचा भाव पुन्हा चढला. रुमालाखाली सौदा चालू असताना माझा डावा अंगठा आपोआप कमरेकडे गेला, फिरकी चाचपली, अर्धी फिरवलीसुद्धा... आणि तिथेच थांबला. बेड, तम्मा. फिरकी पुन्हा आवळली आणि समोरच्याची बोटं घट्ट धरली.