थोरल्याचा नकार

माझा भाऊ माझ्याहून काही मिनिटांनी मोठा. आम्ही जुळे. चेहरा एकच, उंची एकच, आवाज तर असा की फोनवर आईसुद्धा फसायची. तरी तेवढ्या मिनिटांवर तो घरात कायमचा थोरला झाला आणि मी धाकटा. तो शांत, मी तापट. मी ओरडायचो आणि तो ऐकून घ्यायचा, असा आमचा पन्नास वर्षांचा संसार.

आकाशाचा नाद मात्र दोघांनाही. सोलापुरात आमचा सहा-सात जणांचा गट होता. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या एका मित्राच्या गच्चीवर रविवारी संध्याकाळी जमायचं. दुर्बीण आमची आम्हीच केलेली. नुसता आरसा घासण्यात अख्खा उन्हाळा गेला. खरं सांगू? तारे बघण्यापेक्षा आम्ही वादच जास्त घालायचो. आणि एक रिवाज होता. कुठलीही गोष्ट पटवून घ्यायची तर ती आधी करून बघायची. ग्रहण समजून घ्यायचंय? मग एकानं सूर्य व्हायचं, एकानं चंद्र, आणि गच्चीभर गोल फिरायचं. शेजारच्या गच्चीवर वाळवण काढायला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

प्रकाशाच्या वेगानं मात्र आमची दांडी गुल केली. तुम्ही मोटरसायकलवरून एखाद्या गाडीच्या मागं लागलात की ती गाडी तुम्हाला हळू पळताना दिसते. प्रकाशाच्या मागं कितीही जोरात लागा, तो तुमच्यापुढं तेवढ्याच वेगानं पळतो.

"असं कसं बे?" चष्मेवाला दर रविवारी विचारायचा.

कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या एक मॅडम आमच्यात होत्या. त्या म्हणायच्या, "प्रकाश आपला वेग बदलत नाही. मग माघार घ्यायची कुणी? वेळेनं. पळणाऱ्याचं घड्याळ हळू चालतं."

झालं! करून बघायचं ठरलं. दुकानातली दोन सारखी घड्याळं सेकंदाला सेकंद जुळवली. एक गच्चीवर ठेवलं, दुसरं थोरल्याच्या मनगटावर बांधून त्याला एसटीनं अक्कलकोटला धाडलं. तो स्वामींचं दर्शन घेऊन परतला, आणि काय सांगू, त्याचं घड्याळ मागं! आम्ही अक्षरशः नाचलो. मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो, एसटी जन्मभर पळाली तरी असल्या घड्याळात तो फरक दिसायचा नाही. सेल बघा आधी." सेल खरंच उतरला होता. थोरला इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

त्यानंतर वर्षभरात तो आजारी पडला. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो पाळीवर काम करायचा. बीपी कधी सुरू झालं ते त्याला कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा दोन्ही किडन्या गेल्या होत्या. डायलिसिस सुरू झालं. गाल बसले, कातडी काळवंडली, चालणं म्हाताऱ्यासारखं झालं. एकदा दवाखान्यात नव्या नर्सनं मला म्हटलं, "वडिलांना आत आणा." मी इतका भडकलो की ती बिचारी मागं सरली. थोरलाच मला म्हणाला, "गप की रे. तिची काय चूक?"

तरी तो गच्चीवर यायचा. एका रविवारी मॅडम जुळ्या भावांचं कोडं सांगू लागल्या. एक भाऊ यानात बसून प्रकाशाच्या जवळपास वेगानं लांब जातो, दुसरा पृथ्वीवर राहतो. गेलेला परत येतो तो तरुणच, आणि इथला... एवढं बोलून त्यांची नजर आमच्याकडं गेली आणि त्या थांबल्या.

"थांबलात कशाला, मॅडम?" थोरला म्हणाला. "नमुने हितं हजर हायत की."

मग करून बघणं आलंच. तो खुर्चीत बसून पृथ्वीवर राहिला आणि मी यान होऊन पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन आलो. चष्मेवाल्यानं हटकलं, "यानातल्याला वाटणार, पृथ्वीच पळतीय. मग म्हातारं कुणी व्हायचं?" मॅडम म्हणाल्या, सरळ जात असतात तोवर दोघांनाही दुसऱ्याचंच घड्याळ हळू दिसतं, आणि दोघंही खरेच असतात. खरा फरक पडतो तो मागं वळण्यानं; जो वळून परत येतो, तो तरुण राहतो. यावर अंधार पडेपर्यंत भांडणं झाली. थोरला मात्र नुसता माझ्याकडं बघत बसला.

जिना उतरताना मी त्याचा दंड धरला आणि म्हटलं, "माझी एक किडनी घे."

"न्हाय."

बस्स, एवढंच. डॉक्टर म्हणाले होते, एका अंड्यातल्या जुळ्याची किडनी म्हणजे स्वतःचीच असल्यासारखी. याहून चांगलं काही मिळणार नाही. मी समजावलं, शिव्या घातल्या, त्याच्या घरी जाऊन ताट ढकललं. वहिनी रडल्या. याचं आपलं एकच, "तुझी तुझ्यापाशी ठेव." मला वाटलं, थोरलेपणाचा ताठा! धाकट्याकडून घ्यायचं म्हणजे कमीपणा. त्या रागात मी कुणालाही न सांगता तपासण्या करायला गेलो. म्हटलं, सगळं जुळतंय असं डॉक्टरांच्याच तोंडून याला ऐकवतो. मग बघू कसा नाही म्हणतो ते.

डॉक्टरांनी मला दार लावून बसायला सांगितलं. "तुम्हाला देता येणार नाही. बीपी खूप आहे, लघवीतून प्रोटीन जातंय. तुमच्याच किडन्यांना त्रास सुरू झालाय. पण वेळेत आलात. नीट सांभाळलंत तर पुष्कळ वर्षं चालतील." पुष्कळ वर्षं! माझी! मला माझ्या वर्षांचं काही पडलं नव्हतं. ह्याला आता काय द्यायचं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

पुढं थोरला फार काळ काढू शकला नाही. पण मला सांगायचंय ते त्या दुपारचं.

मी तसाच डायलिसिसच्या खोलीत गेलो. तो मशीनला जोडलेला होता, डोळे मिटून. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, तो हादरेल. त्यानं डोळे उघडले आणि मोठा श्वास सोडला.

"गेलास एकदाचा," तो म्हणाला.

"म्हणजे? तुला ठाऊक होतं?"

"गच्चीचा जिना चढताना तुला धाप लागायची. संध्याकाळी पाय सुजून चपलांचे वळ उठायचे. माजंबी असंच सुरू झालं हुतं. शरीर एकच की रे आपलं. मी तेवढा पुढं निघून आलोय."

"मग तोंडानं सांगायचं की! तपासून घे म्हणून!"

"सांगितलं असतं तर गेला असतास? न्हाय म्हटलं की तू हटकून करतोस."

दोन-अडीच महिने मी त्याला नाही नाही ते बोललो होतो आणि त्यानं ते सगळं ऐकून घेतलं होतं. हुंदका आला तो मला आवरला नाही. सिस्टर धावत आली आणि मला दटावू लागली, की पेशंटसमोर रडू नका. पेशंट हसत होता.

मशीन अजून बराच वेळ चालायचं होतं. मी स्टूल ओढून त्याच्याजवळ बसलो.

"लोणचं बंद," तो म्हणाला. "पापड बंद. शेंगाचटणीला तर हात लावायचा न्हाय, लई मीठ असतंय तिच्यात. गोळी एक दिवस चुकवायची न्हाय. ऐकतोयस न्हवं?"

"व्हय," मी म्हटलं. जन्मात पहिल्यांदा मी त्याचं सगळं मुकाट ऐकत होतो.