नानांच्या खाटेपाशी पहिले घास

दुकानात बसणाऱ्याला किस्से गोळा करत हिंडावं लागत नाही. गहू चाळून झाले की चाळणीत खडे आपोआप उरतात, तसे माणसं माल घेऊन गेली की किस्से आपल्याकडे उरतात. डिंगोऱ्यात आमचं किराणा दुकान वडिलांपासूनचं. सातवीतून शाळा सोडली आणि मी गल्ल्यावर येऊन बसलो, तो अजून बसलोय. गावात खाण्याची कुठलीही नवी वस्तू आली की पहिली माझ्या फळीवर यायची, आणि ती खाऊन काय फजिती झाली हे लोक दुसऱ्या दिवशी मलाच येऊन सांगायचे. असे लई साठलेत.

पण ते ओळीनं सांगायची वेळ आली गेल्या महिन्यात, आणि तीही हसण्यासाठी नव्हे.

आमच्या आळीतले नाना. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे. पंचक्रोशीतल्या लग्नांचा स्वयंपाक नानांकडे असायचा. हजार पान उठवायचं आणि शेवटी कढईपाशी बसून स्वतः दोन घास खायचे. त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचले, पण नाकात नळी, आणि नळीतून पेज. दीड महिन्यानं डॉक्टर म्हणाले, "गिळायची ताकद परत आली आहे. पण हे गिळतच नाहीत. सोमवारपर्यंत तोंडानं वाटीभर खाल्लं तर नळी काढून टाकू. नाहीतर पोटाला भोक पाडून तिथून कायमची नळी बसवावी लागेल."

म्हणजे सगळं एका वाटीवर आलेलं. आणि नाना तोंड उघडत नव्हते. वहिनींनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, चमचा जवळ नेला की दातावर दात.

दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, "जुन्या दोस्तांना बोलवा. खाण्याच्या गप्पा मारू द्या. तोंडाला पाणी सुटलं की माणूस गिळतो."

म्हणून बुधवारपासून रोज चार वाजता आम्ही तिघं नानांच्या घरी, त्यांच्या खाटेपाशी. मी, एसटीतून रिटायर झालेला दगडू ड्रायव्हर, आणि कोंडीभाऊ. कोंडीभाऊ मूळचा नाणेघाटाकडचा, भात-नाचणीचा माणूस, आता खाली लेकाकडे राहतो. वहिनी उशाशी वाटी घेऊन बसायच्या. मी म्हटलं, प्रत्येकानं पहिल्यांदा खाल्लेल्या वस्तूचा किस्सा सांगायचा. पहिल्या घासाला माणूस तोंड उघडतोच.

* * *

बुधवारी दगडूनं सुरुवात केली.

तो कल्याणच्या गाडीवर असताना त्याला हौस आली की आईला आईस्क्रीम खाऊ घालावं. कल्याणला खोक्यातली वीट घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळली, ओल्या पोत्यात घातली आणि सीटखाली ठेवून माळशेज घाट चढला. घाटात ट्रक आडवा. घरी पोहोचेपर्यंत खोक्यात पांढरं पाणी!

म्हातारीनं ते पातेल्यात ओतलं, बाजरीची भाकरी कुस्करली आणि काला करून खाल्ला. मग विचारते, "दूध ग्वाड हाय रं, पन गार का? त्यांच्याकडं चूल न्हवती व्हय?"

पुढं कितीतरी वर्षांनी पुतण्याच्या लग्नात तिच्या हातात आईस्क्रीमचा कप आला. घट्ट, दगडासारखा. सगळ्यांचं खाऊन झालं तरी म्हातारी कप मांडीवर घेऊन बसलेली. दगडू म्हणाला, "आये, खा की."

"थांब जरा," म्हातारी म्हणाली, "अजून झालं न्हाई. आन भाकरी कवा वाढनार हायेत?"

वहिनी हसल्या. दीड महिन्यात पहिल्यांदा हसल्या असतील. नाना छपराच्या पत्र्याकडे बघत होते. वहिनींनी मऊ भाताचा चमचा पुढं केला. दातावर दात. त्यांनी वाटीवर ताटली झाकली.

* * *

गुरुवारी कोंडीभाऊ.

त्यांच्याकडच्या बायका पावसाळ्यात रानातला पाला खुडून भाजी करतात. कुठला पाला कधी खायचा, कुठला दोनदा उकळून पाणी टाकायचं, सगळं तोंडपाठ. सुगी झाली की मायलेकरं खाली बोरी बुद्रुकला बागायतदाराकडे कामाला यायची. एकदा मालकिणीनं फ्लॉवरचे दोन गड्डे दिले. आईनं असली भाजी बघितलेली नव्हती.

"आयनं पाला खुडला," कोंडीभाऊ म्हणाला, "बारीक चिरला, लसनाची फोडनी दिली. मधली पांढरी गाठ कोंबड्यांना टाकली. कोंबड्यांनी बी चोच लावली न्हाई राव."

दुसऱ्या दिवशी मालकिणीनं विचारलं, "भाजी कशी झाली गं?"

आई म्हणाली, "पाला लई ग्वाड. मधल्या गाठीला तेवढी कीड लागल्याली, ती टाकून दिली."

मालकीण स्वतः पाला गुरांना टाकायची. त्या दिवसापासून हंगाम संपेपर्यंत ती कोंडीभाऊच्या आईला रोज नुसता पाला देत होती. गड्डा आपल्या घरात, पाला हिच्या पदरात.

"आन आय जल्मभर म्हनायची," कोंडीभाऊ म्हणाला, "मालकीन देवमानूस. निवडून द्यायची."

आम्ही हसावं की नाही या विचारात होतो, तेवढ्यात नानांचे ओठ हलले. जीभ जड होती, पण शब्द कळले.

"त्या पाल्याला... मीठ कमी लागतं."

किती दिवसांनी बोलले! आणि बोलले ते आचाऱ्यासारखं. वहिनींनी घाईघाईनं चमचा भरला. चमचा ओठाला लागला. आम्ही तिघंही लहान पोराला भरवताना उघडतात तशी आपापली तोंडं उघडून बसलो होतो.

नानांनी मान फिरवली. भात सदऱ्यावर सांडला.

* * *

शुक्रवारी मी नानांचाच किस्सा काढला. म्हटलं, स्वतःचं ऐकून तरी माणूस फिरेल.

सोयाबीनच्या वड्या तेव्हा नव्या. एजंट मला एक खोकं चिकटवून गेला, आणि ते खपेना. म्हणून मी नानांना गळ घातली की येत्या लग्नात रश्शात घालून बघा. नानांनी घातल्या. अशा काही शिजवल्या की वासावर माणसं येऊन बसली.

पंगतीत आमच्या आळीतलं माळकरी जोडपं होतं. गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदासुद्धा जपून. म्हातारीनं एक वडी चावली आणि घास हातात काढला. "मटन हाय ह्ये!" म्हणून उभी राहिली. तिच्यामागं माळकऱ्यांची सगळी ओळ उठली. वराचा बाप घामाघूम. नाना हात जोडून सांगतायत की बाई, शेतात पिकतं ते, शेंगेतलं हाय, आणि म्हातारी तोंडावर पदर धरून रडतेय. शेवटी मी दुकानातून पाकीट आणलं आणि पंगतीत उभं राहून त्यावरचं सगळं वाचून दाखवलं, वजनासकट. म्हातारीचा विश्वास बसला नाही. तिनं पंधरा दिवस एकवेळ जेवून प्रायश्चित्त घेतलं.

तिचा म्हातारा मात्र पुढच्या मंगळवारी दुकानात आला. माळ घालायच्या आधी तो गावातला नंबर एकचा खाणारा. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि हळूच म्हणाला, "शेठ, त्या पापाचं अजून एक पाकीट असंल का?"

हा किस्सा नाना स्वतः शंभरदा सांगायचे आणि सांगता सांगता मांडी बडवायचे. या वेळी एका डोळ्यातून पाणी आलं, तेवढंच. दगडूनं ते रुमालानं टिपलं. चमचा पुढं झाला, मागं आला.

* * *

शनिवारी किस्सा झालाच नाही. नानांचा मुलगा पुण्याहून आला होता. पन्नाशीचा माणूस, कंपनीत सुपरवायझर. "बाबा, एक घास. माझ्यासाठी एक घास." मग आवाज चढला. मग बाहेर जाऊन गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मी फळीवरचं सगळं नेलं होतं. श्रीखंड, आंब्याचा रस, कैरीचं लोणचं. लोणच्याचा नुसता खार बोटानं ओठाला लावला. पुसून घेतला त्यांनी, चांगल्या हातानं.

घरी येताना कोंडीभाऊ म्हणाला, "शेठ, तुमी सगळ्या गावाला काय काय खपवलं."

"होय."

"मंग येक घास खपंना व्हय?"

तो टोमणा नव्हता, त्यालाही तेच कोडं पडलं होतं.

* * *

रविवारी माझी चूक झाली. घाईत माणूस हाताला येईल तो माल देतो, तसा मी तोंडाला आला तो किस्सा दिला.

आमच्याकडे पूर्वी पाव आणि बिस्किट म्हणजे आजाऱ्याचं खाणं. धडधाकट माणूस भाकरी खाणार. माझ्याकडून कोणी पाव नेला की गल्ल्यावरचे विचारायचे, "कोन पडलंय?" तर गावात एक सून आली, ठाण्याची. तिला सकाळी चहाबरोबर पाव लागायचा. रोज एक पाव न्यायची. चौथ्या दिवशी तिच्या दारात बायका जमल्या. कोणी मोसंबी आणली, कोणी नारळ. सगळ्यांनी धरलं होतं की सासू अंथरुणाला खिळली. सासू विहिरीवरून डोक्यावर हंडा घेऊन आली, तर अंगणात बायका डोळ्याला पदर लावून बसलेल्या.

सासू हंडा न उतरवता सुनेला म्हणाली, "आगं, पाव खा, न्हाई कोन म्हनतं? पन मला मारून नको खाऊस!"

कोणी हसलं नाही. दगडूनं माझा पाय दाबला. नानांच्या उशाशी फळीवर मोसंब्यांची रास होती, दोन पाव होते, आणि भेटायला आलेल्यांनी आणलेले बिस्किटांचे पुडे एकावर एक रचलेले. नाना तिकडेच बघत होते.

वहिनींना काहीतरी करायचं होतं. त्यांनी त्यातलाच एक पुडा फोडला, चहात बिस्किट कुस्करून घट्ट लगदा केला, आणि चमचा भरला.

नाना म्हणाले, "थांब."

सोमवारचं आधी सांगून टाकतो, म्हणजे मधेच कोणी विचारायला नको. सोमवारी त्यांना नेलं आणि पोटाला भोक पाडलं. आता वहिनी दिवसातून पाच वेळा पिचकारीनं पेज सोडतात, आणि सोडताना सवयीनं विचारतात, "मीठ बरूबर हाय ना?" आम्ही अजून चारला जातो. बिबट्या कुठं दिसला, कांद्याचा भाव कुठं अडकला, एवढंच बोलतो. खाण्याचं नाव काढत नाही.

तर रविवारी चमचा हवेत होता आणि नाना बोलायला लागले. थांबत थांबत, एकेक शब्द उचलून.

"मी सात वर्साचा. मुदतीचा ताप आल्याला. बानं ओतूरच्या बाजारातनं बिस्कुटाचा पुडा आनला. घरात पयलाच. आजाऱ्यासाठी म्हनून माज्या उशाशी ठिवला. छबू पाच वर्साची. सकाळधरनं खाटंपाशी बसायची. म्हनायची, दादा, मला बी ताप आलाय. आय कपाळाला हात लावायची. गार. म्हनायची, ऊठ, सोंगं करती. दुसऱ्या दिवशी परत. आये, ताप आलाय. मी बी म्हनायचो, आजाऱ्याचं हाय ह्ये, तुला न्हाय."

दगडूनं पाणी पुढं केलं. नानांनी हातानं नको म्हटलं.

"मी उठलो. मंग ती पडली. बा परत ओतूरला ग्येला. तिच्यासाठी आख्खा पुडा आनला. आयनं दुधात कुस्करलं, तोंडाशी न्येलं. तोंड उघडंना. आय म्हनली, आगं, रोज मागत व्हतीस ना? तर म्हनली, आत्ता नको आये. आत्ता खरंच ताप हाय."

बाहेर कोंबड्या कलकलत होत्या. कोणीतरी काहीतरी विचारायला हवं होतं म्हणून कोंडीभाऊनं विचारलं, "मंग तो पुडा?"

"मी खाल्ला," नाना म्हणाले. "लई ग्वाड व्हता."

लग्नाला पन्नास वर्षं होऊन गेलेल्या वहिनींनी चमचा वाटीत ठेवला आणि विचारलं, "तुमाला भईन व्हती?"