साखरपुड्यातलं ‘बंद’ घड्याळ

रविवारी पोलादपूरजवळच्या एका गावात आमच्या ताईचा साखरपुडा झाला. सगळं छान चाललं होतं आणि मी आणलेल्या घड्याळाने मांडवात कुजबुज सुरू केली... अजून आठवलं की हसूच आवरत नाही.

आधी थोडं मागचं सांगतो. ताई चौतीस वर्षांची. महाडात आमच्या आळीला तिच्या लग्नाची तिच्यापेक्षा जास्त काळजी होती. “अजून नाही जमलं?” हे ऐकून ऐकून आईने कुणाच्या हळदीकुंकवाला जाणंच सोडलं होतं. अशात महेशसर भेटले. पोलादपूरकडच्या एका शाळेत पीटीचे शिक्षक, बोलायला कमी, हसायला जास्त. दोघांचं जमलं आणि आमच्या घरात दिवाळी झाली.

आमच्याकडे साखरपुड्यात नवरदेवाच्या मनगटावर घड्याळ बांधायचा मान मुलीच्या भावाचा. सर मुलांच्या शर्यतींची वेळ मोबाईलवर घेतात आणि तो मोबाईल आतापर्यंत दोनदा चिखलात पडलाय. म्हणून ताईने हुकूम सोडला, “क्रोनोग्राफ घे, स्टॉपवॉचवालं घड्याळ.” मला त्यातलं एवढंच माहीत की छोट्या तबकड्या असल्या की घड्याळ भारीतलं दिसतं...

गेलो बाजारात सलीमभाईंकडे. हे बरीच वर्षं आखातात घड्याळांच्या दुकानात होते, आता महाडात स्वतःचं दुकान आहे. मी काचेतून एक काळंभोर, आकड्यांनी गच्च भरलेलं घड्याळ दाखवलं. त्यांनी ते बाहेर काढलंच नाही. “आधी सांग, घालणार कोण हाय?”

सगळं सांगितल्यावर त्यांनी पांढऱ्या तबकडीचं, साधं दिसणारं एक काढलं. मैदानावर भर उन्हात वाचता यायला हवं, पावसात भिजलं तरी चालायला हवं आणि घामेजल्या बोटाने बटण दाबता यायला हवं... बाकी सगळा शो, असं त्यांचं म्हणणं. काळ्या घड्याळाच्या कडेचे आकडे कशाला, हे तरीही मी विचारलंच. तर म्हणे गाडीतून जाताना एका किलोमीटरच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत वेळ घ्यायची, काटा थांबेल तिथे गाडीचा वेग दिसतो. पण आकडे साठपासूनच सुरू!

“आंबेनळी घाटात साठने जाणार असतील तर घड्याळ नको, हेल्मेट दे,” असं म्हणून ते स्वतःच खो खो हसले.

मग त्यांनी मुख्य गोष्ट समजावली. मोठा, लांब काटा हा सेकंदकाटा नाहीच. रोजचे सेकंद खालच्या छोट्या तबकडीत फिरतात. मोठा काटा बारावर उभा असतो... वरचं बटण दाबलं की निघतो, पुन्हा दाबलं की थांबतो. खालचं दाबलं की परत बारावर. आणि लोक तो उगाच दिवसभर फिरवत ठेवतात, त्याने बॅटरी लवकर संपते, हेही बजावलं. मी इतका खूश झालो की पुढचे तीन दिवस जेवताना ताईला हेच सांगत होतो. ती वरणभात कालवत “हं... हं...” करायची.

तर रविवार. मी सरांच्या मनगटावर घड्याळ बांधलं, फोटो झाले. सरांचे मोठे काका शेजारीच बसले होते. घरातला शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी सरांचा हात हातात घेतला, डोळे बारीक करून पाहिलं आणि भर मांडवात म्हणाले, “अरे, ह्याचा काटा चालत नाय! बंद हाय हे!”

मागे बायकांत कुजबुज सुरू झाली. “गो बाय, शुभकार्यात बंद घड्याळ?” आईचा चेहरा पांढराफटक पडला. इतकी वर्षं ऐकलेलं सगळं तिच्या डोळ्यांत परत आलेलं मला दिसलं... आणि तीन दिवस पोपटासारखा बोलणारा मी, दुकानाची पावती शोधत खिसे चाचपत बसलो!

तेवढ्यात ताई पाटावरून उठली. भरजरी साडी सावरत काकांसमोर येऊन बसली आणि त्यांच्याच बोलीत म्हणाली, “काका, बंद नाय ते. हा छोटा बघा, चाललाय. मोठा सांगितल्याशिवाय निघत नाय.”

काकांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. छोटा काटा टुकटुक फिरत होता. त्यांनी एकदा ताईकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. मग सरांचा हात तिच्यापुढे धरला. “मग सांग त्याला. तूच सांग.”

ताईने बटण दाबलं. काटा निघाला आणि मांडवात काय टाळी पडली म्हणता! काका तर इतके रंगात आले की उखाण्यांची वेळ लावायला बसले. ताईने अकरा सेकंदांत नाव घेतलं. रोज मुलांना पळवणाऱ्या सरांना सत्तेचाळीस लागले... आई पदर तोंडाला लावून हसत होती. तिला असं हसताना मी किती वर्षांनी पाहिलं, मलाच आठवत नाही.

काल सर घरी आले होते. घड्याळ पाहिलं तर मोठा काटा फिरतोय. मी सलीमभाईंच्या थाटात म्हटलं, “दाजी, थांबवा तो, बॅटरी जाईल.”

ते लाजून म्हणाले, “उखाणे झाल्यावर तिने पुन्हा चालू केला होता. शर्यतीची वेळ घ्यायची असली की तेवढ्यापुरता थांबवून बारावर आणतो... नंतर लगेच परत सुरू करतो.”

आत ताई चहा गाळत होती. तिने ऐकलं असणार, कारण चहा बराचसा ओट्यावर सांडला. दाजी, राहू दे चालू... बॅटरी मी बदलून देत जाईन, जन्मभर.